राहुकाळात उघडलेला प्रोग्राम

धाकटीच्या बारशाच्या दिवशी थोरला आणि मधली, तुम्ही दोघं नवे कपडे घालून लॅपटॉपसमोर बसला होतात. मी पडद्यावर आले, तुम्हाला हात केला, तुम्हीही दोन्ही हात हलवलेत, आणि तेवढ्यात मी एक शब्दही न बोलता नाहीशी झाले. त्यानंतर बराच वेळ तुमच्यासमोर नुसता काळा चौकोन होता. तुमच्या बाबांनी तुमची समजूत घातली, की परभणीची लाइट गेली असेल.

लाइट गेली नव्हती. त्या दिवशी लाइट इतकी शहाण्यासारखी वागली, की तिच्यावर हा आळ राहू देणं मला बरं वाटत नाही. आता धाकटीसुद्धा मराठी वाचू लागली आहे, तेव्हा पडद्याच्या या बाजूला काय चाललं होतं ते एकदा नीट, क्रमाने लिहून ठेवते. क्रमाने लिहायची मला सवय आहे. त्या दिवशी मात्र क्रमाने काहीच घडलं नाही.

आधी माझ्या कॉम्प्युटरचं सांगायला हवं. तुमचे बाबा आदल्या वर्षी इंग्लंडहून आले होते, तेव्हा त्यांनी तो पुढच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर बसवून दिला. आमच्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता. त्याच्यातून तुमचा आवाज यायचा, तोंड दिसायचं नाही. मी कॉम्प्युटरला क्रोशाचं आवरण विणलं, रोज सकाळी कोरड्या फडक्याने तो पुसू लागले, आणि पडद्यावरची सगळी चित्रं ओढून एका रांगेत उभी केली. आजोबा म्हणाले, "झालं. शाळा सुटली तरी प्रार्थनेची रांग काही सुटली नाही."

उघडायचं कसं, एवढंच येत नव्हतं.

तुम्हाला हे खोटं वाटेल. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकले, जन्मभर इंग्रजी शिकवलं. ओपन, क्लोज, फाइल, सेव्ह, यातला एकही शब्द मला कोशात बघावा लागला नसता. पण शब्द कळला म्हणून दार उघडत नाही, त्याला बोट लागतं, आणि माझं बोट अडाणी होतं. शेवटी मी गल्लीच्या टोकाला असलेल्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई चांगल्या धीराच्या होत्या. चित्रावर बाण न्यायचा आणि माउसचं डावं बटण लागोपाठ दोनदा दाबायचं, की प्रोग्राम उघडतो, असं त्यांनी सांगितलं. मी दाबलं. एकदा. मग चष्मा नीट केला. मग दुसऱ्यांदा. माझ्या दोन टिचक्यांमध्ये इतकं अंतर पडायचं, की कॉम्प्युटरला वाटायचं, या बाईंना उघडायचं नाही, चित्राचं नाव बदलायचंय. नाव निळं होऊन वाट बघायचं. मी गडबडून दुसरंच काही बटण दाबलं की ते खरोखर बदलायचं. घरी पत्त्यांच्या खेळाच्या चित्राखाली पुष्कळ दिवस नुसतं 'जे' असं नाव होतं. आजोबा आल्यागेल्याला सांगायचे, "हिने त्याचं लाडाचं नाव ठेवलंय."

बाईंनी एक दिवस माझा हात बघितला आणि म्हणाल्या, "काकू, भाकरी थापता ना? त्या दोन थापांमध्ये जेवढा वेळ जातो, तेवढाच घ्यायचा."

अरे, मग काय! तेवढं सांगायला हवं होतं फक्त. थप-थप, उघडला. थप-थप, दुसरा उघडला. घड्याळ उघडलं, चित्रं काढायचा फळा उघडला, हिशोबाचं यंत्र उघडलं. मी इतकी हरखले, की घरी येऊन कुंकवाचा करंडाही दोन टिचक्या मारून उघडतो का ते बघावंसं वाटलं. प्रोग्राम उघडायला थोडा वेळ लागला, तर मी आणखी थप-थप करायचे. मग सगळे एकदम उघडायचे. एकदा पडदाभर हिशोबाचीच यंत्रं झाली, एकावर एक, पापड वाळत घातल्यासारखी. आजोबा डोकावून म्हणाले, "मार्केट यार्डात आज आवक लय दिसायलीय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला दुसरा नियम दिला. "काकू, एकदा सांगितलं की थांबायचं. त्याने ऐकलेलं असतं." हा नियम मी वर्गात हात वर करणाऱ्या पोरांना जन्मभर सांगितला होता. आणि तिसरी युक्ती अशी, की माउस रुसलाच तर कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबायचं, प्रोग्रामच्या नावाची सुरुवातीची अक्षरं टाइप करायची, आणि एंटर. ही तिसरी युक्ती मला उगाच वाटली. माउस असताना कोण कशाला अक्षरं शोधत बसेल?

आता आत्याचं सांगते, कारण त्या दिवशी सगळं होतं ते तिच्यासाठी.

आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. आईबापांनी नाव निवडलेलं असलं तरी ते बाळाच्या कानात पहिल्यांदा सांगायचं ते आत्याने. आधी "कुर्रर्र" करायचं, मग नाव. आणि ती वाकून सांगत असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात, ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी पुस्तकांतही शोधलं. धपाटे मात्र मीही खाल्लेत आणि दिलेतही.

तुमची आत्या गंगाखेडकडे शाळेत शिकवते. थोरल्याच्या वेळी तिला रजा मिळाली नाही. मधलीच्या वेळी रजा मिळाली तर व्हिसा मिळाला नाही. दोघांची नावं तिला माझ्यासारखीच फोनवर कळली. ती म्हणाली, "छान आहे," आणि चहा ठेवायला आत गेली. तो चहा फार उशिरा आला. धाकटीच्या वेळी तुमच्या बाबांनी स्वतःच ठरवलं, की या बारशाला ताईच नाव ठेवेल, कॉम्प्युटरवरून. तिसरं बाळ म्हणजे शेवटचंच, हे तुमच्या आईने सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. म्हणजे आत्याचीही शेवटचीच पाळी.

मग मी तयारीला लागले. तुमच्या बाबांनी जाताना एक सोय करून ठेवली होती. व्हिडिओ कॉलचा तो प्रोग्राम एकदा उघडला, की त्यांचा कॉल आपोआप उचलला जायचा. आमच्या हाती फक्त उघडणं होतं. मी महिनाभर रोज तो उघडून बंद केला. आत्या रविवारी यायची, तेव्हा तिलाही करायला सांगायचे. ती म्हणायची, "नको आई, माझ्या हातून काहीतरी होईल. तूच उघड. मी फक्त नाव सांगेन."

बारसं रविवारी होतं. तुमच्याकडे दुपारच्या जेवणाआधी, म्हणजे आमच्याकडे दिवेलागणीला. गल्लीतल्या बायकांना मी बोलावणं केलं होतं. घुगऱ्या शिजवल्या होत्या. आत्या मोरपंखी साडी नेसून आली. बसली की उठायची, उठली की बसायची, आणि दर थोड्या वेळाने आत जाऊन भिंतीकडे तोंड करून "कुर्रर्र" म्हणून बघायची. आजोबा म्हणाले, "घरात कबूतर शिरलंय का?"

आणि पोखर्णीहून आल्या माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणते, तुम्ही मोठी आजी म्हणता. त्यांनी येताना रिक्षात घालून पाळणा आणला होता.

"अक्का, पाळणा तिकडे आहे ना! बाळ तिकडे आहे."

"मग? आमी इथं गाणं म्हणताना काय हलवावं? टेबल?"

बायकांना ते पटलं. पाळणा कडीला टांगला. पण रिकामा पाळणा हलवत नाहीत, म्हणून अक्कांनी स्वयंपाकघरातून माझा वरवंटा मागवला, त्याला धुतलं, पुसलं, काजळाचे डोळे काढले, आणि पिशवीतून स्वतः शिवलेली कुंची काढून त्याला घातली. वरवंटा इतका गोजिरवाणा दिसायला लागला, की समोरच्या काकूंनी त्याची दृष्ट काढली. उद्या याच्यावर चटणी कशी वाटायची, हा विचार मी बाजूला ठेवला.

साडेपाचच्या सुमारास मी कॉम्प्युटरसमोर बसले. आवरण काढून घडी करून ठेवलं. थप-थप. थांबले. प्रोग्राम उघडला, आणि लगेच तुम्ही दिसलात! खोलीत असा काही गलका झाला म्हणता. "आगं बाई, पोरं बघा कशी दिसायलीत!" "हात हलवायलंय की ते!" मीही हात हलवला. आत्या माझ्या खांद्यावरून वाकली. आणि मागून अक्कांचा आवाज आला.

"मास्तरीणबाई, ह्ये काय करायलीस?"

मला त्या अशीच हाक मारतात. मी म्हटलं, "उघडून ठेवते अक्का. ऐनवेळी घोटाळा नको."

"आगं, राहुकाळ चालू हाय!"

कॅलेंडरवर राहुकाळ लिहिलेला असतो, रविवारी तो साडेचार ते सहा. मी ते बघून बारसं सहानंतरच ठेवलं होतं. मी तसं सांगितलं. "नाव सहानंतरच ठेवायचंय. आत्ता नुसता प्रोग्राम उघडलाय."

"उघडलं म्हंजे सुरूच झालं की. दुकान राहूत उघडून, गिऱ्हाईक मागनं आलं म्हून चालतंय का? पयलं पाऊल कवा पडलं, ते बघत्यात."

मी आजोबांकडे बघितलं. आजोबा पंख्याकडे बघत होते. समोरच्या काकू म्हणाल्या, "कशाला शंका ठेवायची लेकराच्या कामात? बंद करा अन् सहाला परत उघडा. तुम्हाला येतंय ना आता?"

येतंय ना आता! तिथेच मी फसले. बायका कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "येतं की, त्यात काय!" आणि तुमच्या डोळ्यांदेखत प्रोग्राम बंद केला. तुमच्या बाबांचा लगेच फोन आला. मी राहुकाळ सांगितला. मग ते म्हणाले, "बरं आई. पण सहा म्हणजे सहा. हॉल जेवणापुरताच घेतलाय, पाहुणे भुकेलेत."

इथवर सगळं ठीक होतं. पण अर्धवट ठेवायची मला सवय नाही. प्रोग्राम बंद केल्यावर कॉम्प्युटरही रीतसर बंद करायचा, असं क्लासमध्ये शिकवलं होतं. मी तो रीतसर बंद केला, वर आवरणही घातलं. अक्का समाधानाने म्हणाल्या, "हां. आता राहूला आत शिरायला जागाच न्हाई."

सहा वाजले. देवाजवळ दिवा लावला. अक्कांनी मान हलवली, मी बटण दाबलं, आणि निळ्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली. ती वाचता येणारी त्या खोलीत मी एकटीच होते असं नाही, पण मोठ्याने वाचायची हिंमत माझ्याच अंगात आली. "सुधारणा बसवणं चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका."

"कसली सुधारणा?" आजोबा म्हणाले. "आत्ता? यालाही आजच सुधारायचं होतं?"

"किती वेळ लागेल, आई?" आत्याने विचारलं. तिने तोवर वरवंटा पाळण्यातून काढून कडेवर घेतला होता आणि त्याला थोपटत होती. आपण काय करतोय, हे तिला ठाऊक नव्हतं.

"ते खाली टक्के दाखवतंय. सध्या चार."

"शंभरात चार?" समोरच्या काकू म्हणाल्या. "हे तर नापास आहे."

बायका फार चांगल्या होत्या. कुणी उठून गेलं नाही. सगळ्या पडद्यासमोर बैठक मारून बसल्या आणि टक्के वाढतील तसं ओरडू लागल्या. "धा झालं!" "पंधरा!" "सरकलं, सरकलं!" तिसावर येऊन ते अडकलं. हालेना. एकीने पाळण्याचं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं, आणि गाण्यामुळे म्हणा की कशामुळे, ते पस्तीसवर गेलं. मग काय, गाणं थांबवायची कुणाचीच छाती होईना. एक कडवं संपलं की दुसरं. कडवी संपली तेव्हा वरवंट्याचं कौतुक गुंफून नवीन रचली.

एवढ्यात फोन वाजला. तुमचे बाबा. त्यांच्यामागे ताटांचे आवाज येत होते.

"आई, काय झालं? हॉलवाले घाई करायलेत." इतकी वर्षं तिकडे राहूनही घाईत ते परभणीसारखंच बोलतात. "धाकटी जागी आहे, आता झोपली तर उठायची नाही. हिची बहीण, म्हणजे पोरांची मावशी, आलेली आहे. असं करू का, मावशीला सांगू का नाव ठेवायला? ताईला काय वाटेल?"

मी काही बोलायच्या आत आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"सांग मावशीला," ती म्हणाली. "बाळाला कशाला ताटकळत ठेवायचं? मावशी काय परकी आहे?" आवाज अगदी साधा होता. हातातला वरवंटा तिने इतका घट्ट धरला होता, की कुंची मागे सरकून त्याचं टक्कल उघडं पडलं.

एक बाई म्हणाली, "फोनवरच सांगा की हो नाव!"

"नको," आत्या म्हणाली. "फोनवर या दोघांची नावं ऐकलीत मी. मला तिला बघून सांगायचं होतं. नाहीतर मावशीच बरी, ती निदान तिला बघतेय."

मग अक्का उठल्या. मला वाटलं, आता या राहूचं काहीतरी काढणार. पण त्यांनी फोन ओढून घेतला आणि इंग्लंडला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणजे फोनशिवायही गेलं असतं, म्हणाल्या, "आरं ए, जरा सबर कर! चुकी माझी हाय. मी बंद करायला लावलं. ती मावशी लय भली असंल, तिला म्हणावं घुगऱ्या खा. नाव आमची पोरगी ठेवंल. लेकराला झोपू देऊ नको, खेळव!" आणि फोन ठेवून दिला. पलीकडे तुम्ही दोघांनी धाकटीसमोर नाच करून तिला जागं ठेवलंत, हे आम्हाला मागाहून कळलं.

टक्के सत्तरवर होते. अक्कांना आपल्या हातून झालेलं निस्तरायचं होतं. त्या म्हणाल्या, "आपण याला तसंच कामाला लावलं. हळद न्हाई, कुंकू न्हाई. रुसणारच." आणि तबक घेऊन पूजेला लागल्या. दसऱ्याला नांगर-कुळवाची करतात तशी. पडद्याच्या चौकटीला बोट लावलं, कॉम्प्युटरच्या मोठ्या डब्याला लावलं, कीबोर्डच्या कडेला लावलं. मी म्हटलं, "अक्का, ओलं नका लावू." "टिकलीएवढं तर हाय." मग त्यांनी माउस हातात घेतला. वरून बघितला. उलटा केला. पोटाला लाल दिवा चमकत होता.

"आगं, ह्याचा डोळा खाली हाय की! वर नुसती पाठ हाय ह्याची."

मी नव्वद टक्क्यांकडे बघत होते. त्या काय करायल्यात, ते मी बघितलं नाही.

शंभर झालं! खोलीने टाळ्यांचा असा कडकडाट केला, की शेजारचे लोक गच्चीवर आले. पडदा उजळला, माझी चित्रं रांगेत आली. मी खुर्चीवर सरसावून बसले, माउस धरला आणि सरकवला. बाण जागचा हलला नाही. पुन्हा सरकवला. बाण एकदम कोपऱ्यात उडी मारून बसला आणि तिथून उठेना. मी माउस उलटा केला. लाल दिव्याच्या बरोबर वर, अगदी मधोमध, ओल्या हळदीवर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता, आणि टिळ्यावर अक्षता.

"डोळ्यातच लावलं की हो तुम्ही!"

"मग काय पाठीला लावू?" अक्का म्हणाल्या.

मी पदराने पुसलं. हळद आणखी आत गेली. आजोबांनी फुंकर मारली, ती माझ्या चष्म्यावर उडाली. कुणी काडी आणली, कुणी कापूस. आत्या माझ्याकडे बघत होती, आणि मग ती हसायला लागली. आधी बारीक, मग तोंडावर कुंची दाबून. तिचं हसणं बघून मला हसू आलं, आणि माझं बघून बायकांना. अक्कांनाही कळेना हसावं की काय करावं, म्हणून त्याही हसल्या. आम्ही सगळ्या पिवळ्या हातांनी डोळे पुसत होतो. हसता हसता आत्याने विचारलं, "आई, आता?" आणि तेवढ्याच प्रश्नात तिचा आवाज फाटला.

तेव्हा मला तिसरी युक्ती आठवली.

"सगळ्या मागे सरा," मी म्हटलं. हा आवाज मी निवृत्त झाल्यापासून वापरला नव्हता. सगळ्या सरल्या. आजोबासुद्धा. मी माउस बाजूला ठेवला. खिडकीचं चिन्ह असलेलं बटण शोधून दाबलं. यादी उघडली. एका बोटाने प्रोग्रामच्या नावाचं पहिलं अक्षर मारलं. दुसरं. तिसरं. यादी आखडत आखडत त्याच्या नावावर येऊन थांबली. एंटर.

काहीच झालं नाही.

"पुन्हा दाब," अक्का म्हणाल्या.

"नाही."

"आवो, दाबा की एकदा!" समोरच्या काकू.

"त्याने ऐकलंय," मी म्हटलं. आजोबांचा हात हळूच एंटरकडे सरकत होता. मी मनगट धरलं. लग्नात धरलं होतं, त्यानंतर इतकं घट्ट बहुधा तेव्हाच. आम्ही तसेच थांबलो. पाळणा तेवढा कुरकुरत होता.

आणि प्रोग्राम उघडला. काळा चौकोन, मग करडा, मग त्यात हलणारा रंग, आणि मग अगदी जवळ, पडदाभर, धाकटी! टक्क उघडे डोळे, गालाला काजळाची तीट, तोंडात स्वतःची मूठ. आत्याने वरवंटा माझ्या मांडीत टाकला (माझा गुडघा अजून त्याची आठवण काढतो) आणि पडद्याच्या इतक्या जवळ गेली, की तिचा श्वास काचेवर उमटला.

नुसती बघत राहिली.

"ताई, ऐकू येतंय?" तुमच्या बाबांनी विचारलं. त्यांनी इअरफोनचं एक टोक धाकटीच्या कानाशी धरलं होतं, दुसरं स्वतःच्या कानात होतं. "सांग आता."

आत्या कॉम्प्युटरला लावलेल्या छोट्या माइकपाशी वाकली. आम्ही सगळ्यांनी हात उचलले. "कुर्रर्र," ती म्हणाली आणि नाव सांगितलं. धपाधप! अक्कांचा पहिला.

पलीकडे कुणीच हललं नाही. तुमचे बाबा म्हणाले, "ताई, आवाज तुटला. 'कुर्र' आलं, नाव नाही आलं."

"परत वाक," अक्का म्हणाल्या. पुन्हा कुर्रर्र, पुन्हा नाव, पुन्हा धपाटे. या वेळी ऐन नावावर धाकटी शिंकली आणि तिकडच्या हॉलमध्ये हशा झाला, त्यात नाव गेलं. "आणखी एकदा, ताई!" तिसऱ्या वेळी आत्या धपाट्यांच्या वर आवाज काढून अशी ओरडली, की नाव तिकडे पोचलं, तिकडून परत आलं, आणि आमच्या स्पीकरमधून तिच्याच आवाजात खोलीभर घुमलं. गल्लीतही ऐकू गेलं असणार. धाकटीने मूठ तोंडातून काढली आणि आवाज कुठून आला, ते बघायला मान वळवली. वळवली ती बरोबर पडद्याकडे.

आत्या पाठ चोळत, रडत, हसत उभी राहिली. तेवढ्यात थोरल्या, तू बाबांच्या हातातला इअरफोन ओढलास. तुझा अख्खा कान पडद्यावर आला.

"माझं पण सांग."

"तुझं नाव तुला माहीत आहे की राजा," आत्या म्हणाली.

"माहीत आहे. पण तू सांगितलंच नाहीस."

मग अक्कांनी पदर खोचला. "खरं हाय त्याचं. वाक गं. त्याचे धपाटे राहिलेत."

आत्या वाकली. "कुर्रर्र," म्हणाली, आणि तुझं नाव तुझ्या कानात पहिल्यांदा सांगितलं, तू पहिलीत होतास तेव्हा. धपाटे पडले. तू इअरफोन काढलास, मान डोलवलीस आणि तो मधलीला दिलास. मधली, तू तो आधी उलटाच घातलास, मग मावशीने सरळ करून दिला. तू डोळे मिटून बसलीस.

"आई, पाठ गेली माझी," आत्या म्हणाली.

"वाक," मी म्हटलं, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी मीच हात उचलला.